पाठीवरचे बंद

दक्षिण कोरियातल्या पुसान बंदराच्या येओंगदो बेटावर, गोदीमागच्या गल्लीतल्या बायकांच्या स्नानघरात प्यो माल-सुन मावशी गेली तीस वर्षं लोकांचा मळ काढते. तिच्या खरखरीत हिरव्या हातमोज्यातून सुटलेली बाई त्या भागात शोधून सापडायची नाही. ओल्या बाकावर आडवं व्हायचं, मावशीनं मांडीवर चापट मारली की कूस बदलायची. बँकेच्या मॅनेजरीणबाईसुद्धा मुकाट्यानं बदलतात. कुणाचं अपेंडिक्स काढलंय, कुणी डोळे मोठे दिसावेत म्हणून नवऱ्याला न सांगता पापण्या शिवून घेतल्यात, सगळं तिला ठाऊक. गप्पांत ती कुणाचं नाव म्हणून घेत नाही. फक्त मजला आणि दाराचा रंग सांगते.

दर बुधवारी येणारी बंग सोल-आ गेम बनवणाऱ्या कंपनीत कथा लिहायची. त्या बुधवारी तिचे खांदे लाकडासारखे लागले, तेव्हा मावशीनं घासता घासता सगळं काढून घेतलं. दोन वर्षं खपून पोरीनं एक नायिका उभी केली होती, किल्ला राखणारी सान्हा. पण चाचणीला बसलेले लोक तासाभरात खेळ सोडून उठत होते. कंपनीच्या तक साहेबांनी बजावलं होतं की शुक्रवारी काही दाखव, नाहीतर तलवार सान्हाच्या भावाच्या हातात जाईल आणि ती घरी बसेल. दर वेळी सोल-आनं सान्हाला आणखी कणखर केलं होतं. आता दुसरी तलवार द्यायचा विचार होता.

मावशीनं चापट मारली. सोल-आ वळली.

ही बया रडते कधी, मावशीनं विचारलं. रडत नाही. दमते? नाही. मग तिला माझ्याकडे पाठव, मावशी म्हणाली, मळच नसलेली असली गिऱ्हाइकं लवकर उरकतात.

आंघोळीनंतर दोघी गरम जमिनीवर बसल्या. मावशीनं तिथल्या रिवाजाप्रमाणे उकडलेलं अंडं सोल-आच्या डोक्यावर आपटून फोडलं आणि फोनवरचं चित्र मागितलं. सान्हा समोरून पाहिली, पाठमोरी पाहिली. चिलखत पाठीवर बांधलेलं, मानेपासून कमरेपर्यंत अकरा गाठी.

"हे बंद हिचे कोण बांधतं गं?"

सोल-आच्या घशात अंडं अडकलं. चार चित्रकार, दोन वर्षं, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गाठी पुढे घेता येतील, ती घाईघाईनं म्हणाली.

"पुढे घेतल्यास तर बघ," मावशी म्हणाली.

मग तिनं आपल्या मैत्रिणीची, गुन-जाची गोष्ट सांगितली. तरुणपणी दोघी गोदीत कामाला होत्या. जहाजाच्या कुशीला टांगलेल्या फळीवर बसून हातोडीनं गंज पाडायचा. कमरेचा दोर मागे बांधावा लागे. पुढे गाठ आली की वाकताना पोटात रुतायची. ती गाठ रोज गुन-जा मारायची, दोन हिसके द्यायची आणि एक शिवी. एकदा उसन्या कोटावरून दोघींचं वाजलं, चार महिने बोलणं बंद. पण रोज सकाळी गाठ, दोन हिसके. शिवी मात्र नाही.

"मी भीत नव्हते असं वाटतं तुला? रोज भ्यायचे. पण गाठ तिनं मारलेली असायची ना."

सोल-आनं दुसरी तलवार दिली नाही. दोन दिवस जागून तिनं खेळाची सुरुवात बदलली. सान्हा एका म्हाताऱ्या धोबिणीकडे पाठ करून बसते. दोघींचं भांडण झालेलं. म्हातारी न बोलता अकरा गाठी मारते आणि शेवटी दोन हिसके देते. पुढे किल्ल्याला आग लागते तेव्हा म्हातारी पलीकडे अडकलेली, आणि सान्हा बंद न बांधलेल्या चिलखतात, उघड्या पाठीनं उभी.

शुक्रवारी खेळायला तक साहेब स्वतः बसले. आगीपाशी आले आणि तोंडातून निघून गेलं, "अरे, त्या म्हातारीला आधी बाहेर काढा, हिचे बंद कोण बांधणार?" मग चष्मा पुसत म्हणाले की भावाला तूर्त घरीच राहू दे.

बुधवारी सोल-आ आली ती आभार मानायला सरळ मावशीसमोर कमरेत वाकली. मावशी कानकोंडी झाली आणि बाकावर पाणी ओतायला लागली. तुझी पाठ कोण घासतं, सोल-आनं विचारलं. गुन-जा घासायची, तिला जाऊन सहा वर्षं झाली. आता जेवढा हात पोचेल तेवढी.

सोल-आनं हिरवा हातमोजा चढवला आणि मावशीला आडवं केलं. थोड्या वेळानं मांडीवर चापट बसली. मावशी मुकाट्यानं वळली, आणि बराच वेळ तिनं तोंड भिंतीकडेच ठेवलं.

शनिवारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं की एक पोरगी फारच वाईट घासते, पण मनापासून घासते. नाव मावशीनं अर्थातच घेतलं नाही. तिसरा मजला, निळं दार.