पुलापलीकडची सरस्वती

गेल्या सरस्वतीपूजेला मी देवीवर रुसले होते. लटकं रुसणं नव्हे, आमचं बोलणंच बंद झालं होतं. घरात तसंही बोलणारी मी एकटीच उरले होते. यांना अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय ओढत का होईना, हे दोन खोल्यांत फिरू लागले, पण तोंडातून शब्द फुटेना. त्याहून मोठं भय वेगळंच होतं. मी समोर बसून बोलायचे आणि हे बसच्या खिडकीतून बाहेर पाहावं तसे माझ्याकडे पाहायचे. यांना मी कळते का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

हे चेन्नईजवळ ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तरुणपणी प्रशिक्षणाला जपानला गेले, तेव्हा एका रविवारी किनाऱ्यावरून यांनी समोरचं एनोशिमा बेट पाहिलं. तिथे आपल्या सरस्वतीचं देऊळ आहे असं कुणीतरी सांगितलं, पण गाडीची वेळ झाली म्हणून पूल न ओलांडताच परतले. ती रुखरुख जन्मभर टिकली. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी जायचं ठरवलं. माझे चालायचे बूटसुद्धा आणून झाले, आणि निघायला तीन आठवडे असताना हे न्हाणीघरात कोसळले. वाचेच्या देवीकडे निघालेल्या माणसाचीच वाचा जावी? मी तिला कितीदा विचारलं.

इथे चेन्नईत सरस्वतीपूजेला, म्हणजे नवमीच्या आयुधपूजेलाच, वह्या-पुस्तकं देवीपुढे मांडतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वाचत नाहीत. मी यांच्या बोलण्याच्या सरावाची चित्रांची कार्डं, कप, पंखा, गाय, सगळी तिच्यापुढे आपटली. म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही, आता तूच शिकव. दिवा लावला, पण हात जोडले नाहीत. मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

नैवेद्याचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, शिजत होतं तेव्हा बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे जपानी आजोबा. पेरुंगुडीच्या या इमारतीत इतकी वर्षं राहून आमची ओळख ‘वणक्कम’ या तमिळ नमस्कारापलीकडे गेली नव्हती. त्यांच्या हातात फोडलेलं पाकीट होतं. आमचा प्रवास रद्द झाला तरी प्रवास कंपनीनं माहितीपुस्तिका पाठवली होती, आणि वरची जपानी अक्षरं पाहून वॉचमननं ती त्यांच्याकडे दिली होती. चुकून उघडल्याबद्दल ते वाकवाकून माफी मागत होते. पुस्तिकेवर एनोशिमा होतं. मला ते बघवेना.

तेवढ्यात त्यांचं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “बेन्झाइतेन.” त्यांच्याकडे सरस्वतीचं नाव ते. मोडक्या इंग्रजीत, मधूनच तमिळ घालून ते सांगू लागले की त्यांचं बालपण त्या बेटासमोरच्या किनाऱ्यावरच गेलं. मग न विचारताच यांच्या खुर्चीशेजारी बसले आणि पुस्तिका उघडली. एकेका चित्रावर बोट ठेवून सांगत राहिले. हा पूल. ही दगडी पायऱ्यांची चढण, दोन्ही बाजूंना दुकानं. म्हाताऱ्यांसाठी सरकते जिने आहेत, पण ते फक्त वर नेतात, उतरायचं आपल्या पायांनी. घारी माणसांच्या हातातला खाऊ पळवतात. बेटाच्या पार टोकाला समुद्रानं कोरलेल्या गुहा, तिथे हातात मेणबत्ती देतात. हवा स्वच्छ असेल तर फुजी पर्वत दिसतो.

त्यांचंही आयुष्य कारखान्यात गेलेलं. जपानी पद्धतीत तपासणारा माणूस वस्तूकडे बोट रोखतो, नीट पाहतो, आणि ठीक असेल तरच मोठ्यानं ‘योशी’ म्हणतो. पुलाच्या चित्राकडे परत बोट रोखताना सवयीनं त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. यांचा डावा हात वर आला. बोट पुलावर रोखलं गेलं. “योशी,” हे म्हणाले.

मी पळी तशीच हातात धरून उभी. पायऱ्या, योशी. गुहा, योशी. आवाज घोगरा, पण यांचाच. मग आजोबांनी हसत माझ्याकडे बोट केलं. यांनी बोट माझ्यावर रोखलं आणि पाहिलं. सुजलेले डोळे, न विंचरलेले केस, चार महिन्यांत उतरलेला चेहरा. बराच वेळ पाहिलं. ओठ हलले, शब्द आला नाही. हात खाली आला आणि यांनी मान हलवली, नाही. मी पळी खाली ठेवली. वाटलं, ओळखलंच नाही मला.

आजोबा हळूच म्हणाले, “जे ठीक नाही, त्याला योशी म्हणायचं नसतं. ते बरोबर तपासताहेत.”

यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डॉक्टर म्हणाले, सवयीचे शब्द असे कधी कधी जिभेवर राहतात, त्यावर फार आशा बांधू नका. मी बांधलेली नाही. आज यांना जेमतेम पाच-सहा शब्द येतात, माझं नाव त्यांत नाही. बेट राहिलंच. पण पुलापलीकडची ती बाई त्या दुपारी आमचे तीन मजले चढून आली, एवढं मी मानते आणि तिचे उपकार विसरत नाही. आता मी दिवा लावून हात जोडते, मागत काही नाही. दिव्याकडे बोट करून हे योशी म्हणतात. मग माझ्याकडे बोट रोखतात, पाहतात आणि गप्प राहतात. मला खोटं हसून दाखवता येत नाही, आणि यांना खोटं योशी म्हणता येत नाही.