अक्काच्या केसांचं पातेलं

“हा बिघाड दोन्ही बाजूंनी आलाय तुमच्यात. आईकडूनही आणि वडिलांकडूनही,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “असं बहुतेक आईवडील रक्ताच्या नात्यातले असले की होतं. तुम्ही तर नाही म्हणाला होता.”

मी टकलावर रुमाल बांधून बसले होते. शेजारी आई.

“न्हाईच की!” आई कडाडली. “भावकीत लगीन करतंय व्हय कोण? मला सख्ख्या आत्यानं सून करून न्हेलंय. परक्यात न्हाय दिलेली.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे रक्ताचं नातं म्हणजे भावकी. आत्या-मामाची पोरं ही हक्काची सोयरीक, तिला रक्ताचं नातं कोण म्हणतो? मी कळंब्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, तरी मीही बिनधास्त ‘नाही’ सांगितलं होतं.

माझा मूळ आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून जखमा होणं. पण मरता मरता वाचले ती त्या आजारातून नव्हे, त्याच्या औषधातून. अझाथायोप्रिन नावाची गोळी, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी. पुष्कळांना ती चांगली मानवते. मला तिसऱ्या आठवड्यात ताप भरला, तोंड सोलून निघालं आणि एका सकाळी विंचरताना केसांचा झुबकाच फणीबरोबर हातात आला.

तो बघून मला रडू आलं नाही, अक्का आठवली.

अक्का माझी थोरली बहीण, बिद्रीला दिलेली. तिला ल्युपस होता, म्हणजे शरीराची फौज आपल्याच घरावर उलटण्याचा आजार. तिचेही केस असेच एकदम गेले, मग ताप आला, मग ती गेली. आजारानं पोरगी खाल्ली, असं सगळे म्हणाले. आम्हीही तेच धरून बसलो.

मी तडक दवाखाना गाठला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, जंतूंशी लढणाऱ्या, जवळजवळ संपल्या होत्या. गोळी बंद झाली, इंजेक्शनं सुरू झाली, मला वेगळ्या खोलीत ठेवलं. काचेपलीकडून आई हात हलवायची. मला अक्का हवी होती. लहानपणी ताप आला की ती माझं डोकं दाबायची, तेही असं की डोकेदुखी परवडली. त्या खोलीत पडल्या पडल्या मला तेच दाबणं हवं होतं, दुसरं काही नको.

पेशी हळूहळू वाढल्या. तेव्हा मॅडमनी रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवू का, असं विचारलं. तिथले शास्त्रज्ञ, आमच्यासारख्या गावांतली रुग्णालयं आणि औषधं बनवणारी एक कंपनी मिळून संशोधन करत होती. विषय फार्माकोजीनोमिक्स, म्हणजे कुणाला कुठलं औषध सोसेल, किती सोसेल, हे त्याच्या जनुकांवरून आधीच ओळखणं. आमच्यासारख्यांच्या रक्तावरून त्यांना स्वस्त तपासणी बसवायची होती आणि आम्हाला चालेल असं नवं औषध शोधायचं होतं. मी लगेच सही केली. त्याचाच निकाल त्या दिवशी समोर होता. ही गोळी पचवायला मदत करणारं एक जनुक माझ्यात दोन्हीकडून बिघडलेलं होतं, म्हणून ती अंगात साचून पांढऱ्या पेशींवर उठली.

घरी येऊन मी भाऊजींना, अक्काच्या नवऱ्याला, फोन लावला. गोळीचं नाव त्यांना तोंडपाठ होतं. तीच.

आता मला अक्काचं काहीतरी हवं होतं, तपासायला. आमच्या घरात गुंतवळ टाकत नाहीत. पिशवीत साठवतात आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला देतात. अक्का शेवटी आमच्याकडेच होती. आईनं तिचे गळलेले केस गोळा करताना मी पाहिलं होतं.

“आई, अक्काचे केस कुठायत?”

आईनं चुलीकडे बोट केलं. “त्येचं पातेलं घेतलं न्हवं का,” ती म्हणाली. “दूध तापवतीस की त्यात.”

मॅडम म्हणाल्या, तसल्या जुन्या केसांतून फारसं काही हाती लागलं नसतं. पण अक्काला मुलगी आहे ना? प्राजक्ताचं आणि भाऊजींचं रक्त गेलं. भाऊजींच्यात बिघाड नव्हता. प्राजक्ताच्यात एका बाजूनं निघाला, म्हणजे तो अक्काकडूनच आलेला.

“अक्काला गोळीनंच नेलं का, मॅडम?”

“छातीठोक नाही सांगता येणार. पण मलाही तसंच वाटतं.”

अक्का, तू आमच्यात असतीस गं. एका तपासणीचं अंतर होतं.

ही गोळी वाईट नाही, ती कुणाच्या हातात पडते ते आधी बघावं लागतं. तुम्हाला कुणी लिहून दिली तर जनुकांची तपासणी करायची का, हे विचारा. आईवडील आत्या-मामाच्या नात्यातले असतील तर लाजू नका, सांगा. मी मॅडमची आणि पुण्याच्या न पाहिलेल्या माणसांची ऋणी आहे. प्राजक्ताच्या कागदावर आता स्पष्ट लिहिलंय, हे औषध जपून.

परवा ती सुट्टीला आली. चुलीवर त्याच पातेल्यात दूध तापत होतं. आई तिची वेणी घालायला बसली. केस थेट अक्काचे, कमरेपर्यंत. विंचरून झाल्यावर आईनं फणी उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले आणि मला हाक मारली.

“बघ गं,” ती म्हणाली. “चारच हाईत.”