बंद दारापुढे थांबलेली पालखी

त्या दिवसांत मी देवापुढे दिवा लावायची, पण हात जोडायची नाही. सासूबाईंना कळू नये म्हणून पदर नीट करायचं निमित्त करून उठून जायची. मनात एकच यायचं, सरळ वागणाऱ्याचं असं होणार असेल तर हात कोणापुढे जोडायचे आणि कशाला?

हे खालापूरकडच्या एका कारखान्यात बॉयलर आणि कॉम्प्रेसर सांभाळायचे. लग्नाआधीपासूनची नोकरी. एक दिवस स्टोअरमधली तांब्याची केबल गायब झाली. ठेकेदाराचा टेंपो गेटवर न तपासताच बाहेर जातो, हे यांनी आधीच साहेबांच्या कानावर घातलं होतं, आणि ते सांगणंच यांना भोवलं. चोरी यांच्याच पाळीत झाली म्हणून आळ यांच्यावर आला. राजीनाम्यावर सही कर, नाहीतर पोलिसांत देतो, असं साहेबांनी बंद खोलीत सांगितलं. यांनी सही केली. मला घरी आल्यावर सांगितलं.

आमच्या माहेरच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कर्जतला जाऊन बी.कॉम. केलं. शिकलेल्या माणसाला कोणी फसवू शकत नाही, असं मला मनापासून वाटायचं. वकिलाला विचारलं, अर्ज टाईप केले, यांना इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतींना पाठवलं. पण त्या पट्ट्यातले कारखाने एकमेकांना ओळखतात. मुलाखत चांगली व्हायची, मग ते जुन्या कंपनीला फोन करायचे, आणि पुढे काहीच व्हायचं नाही. हळूहळू यांचं बोलणं कमी झालं. जेवताना घास हातातच राहायचा. पळसदरीच्या धरणावर जाऊन बसायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "वारा असतो गं तिकडं." मी हसून मान हलवायची आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहायची. पुढचं मनात येऊ द्यायचंसुद्धा मला भय वाटायचं. मोटारसायकलचा आवाज गल्लीत वळेपर्यंत माझा जीव माझ्याजवळ नसायचा.

चैत्रात आमच्या गावदेवीची पालखी निघते. कडावच्या अलीकडे आमचं गाव, भातशेतीचं. पालखी दारोदार जाते, ओटी भरली जाते, आणि पुढच्या दांडीचा खांदा आमच्या घराचा मान. सासरे गेल्यापासून तो यांच्याकडे. सकाळी हे टोपी घालून देवळाकडे गेले आणि लगेच परत आले. टोपी खुंटीला लावली. चौकात यांचा लहानपणापासूनचा सोबती नामदेव चार जणांत म्हणाला होता, "आज देवीचे दागिने मोजून ठेवा रं, खांदेकरी आलेत." सगळे हसले होते. नामदेवची जीभ तशीच, चेष्टेला सोयरसुतक नसतं. पण हे हसले नाहीत. मला एवढंच सांगितलं आणि गाडी काढून गेले. मागे हाका मारत मी रस्त्यापर्यंत धावले.

सासूबाई पहाटेपासून देवळात बायकांबरोबर होत्या. घरात मी एकटी. फोन लावत होते, वाजून वाजून बंद होत होता. दुपार झाली आणि ढोल जवळ येऊ लागला. मला वाटलं, ज्याला चोर म्हणून हसले त्याच्या दारी पालखी कशाला थांबेल? सगळ्या गावासमोर ती आमच्या अंगणावरून पुढे जाईल, आणि मी ओटीचं ताट घेऊन बघत राहीन. ते मला सोसलं नसतं. मी उठले, सकाळी काढलेली रांगोळी पायाने पुसली आणि दार आतून लावून घेतलं. देवीलाच म्हटलं, तू काय येत नाहीस, मीच घेत नाही तुला.

आमच्याकडे पालखीच्या दिवशी दार फक्त एकाच घराचं बंद असतं, ज्या घरात सुतक असतं. अंगणात रांगोळी नाही, दार लावलेलं, म्हणजे आत कोणीतरी गेलं. लहान पोरालाही हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण त्या घटकेला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

ढोल आमच्या वळणावर आला आणि एकदम थांबला. सनईही थांबली. दाराला पाठ लावून मी आत उभी होते.  मग सासूबाईंची किंकाळी ऐकू आली, "माझा लेक! अरे माझा लेक गेला रं!"

त्या एका हाकेने माझ्या मनात दडवलेलं सगळं बाहेर आलं. मला खरंच वाटलं की हे गेले, गावाला आधी कळलं आणि मला सांगायला आलेत. परसदार कोणीतरी धडाधडा वाजवलं. मी कडी काढली, तसे पालखीचे मानकरी दामूकाका आत आले. 

"कोण गेलं गं सुनबाई? बोल, कोण गेलं?"

"कोणी नाही, काका," मी म्हटलं आणि खाली बसले. "हे सकाळपासून गेलेत. फोन उचलत नाहीत. धरणावर जातात हल्ली. मला भीती वाटते."

एवढे दिवस हे वाक्य मी कोणाला म्हणाले नव्हते. आईलाही नाही. काका तसेच वळले. बाहेर जाऊन ओरडले, "नाम्या! गाडी काढ. तू बोललास, तूच आणायचा. पळसदरीला जा. घरात सुतक नाय, पर तो येईस्तोवर देवी हितनं हलायची नाय."

पालखी वाटेत जमिनीला टेकवत नाहीत. आमच्या बंद दारापुढे, चैत्राच्या उन्हात, माणसं खांदे बदलत तिला धरून उभी राहिली. मी दार उघडलं. कोणी मला रागावलं नाही. एका म्हातारीने सासूबाईंच्या डोक्यावर पदर धरला, दुसरी म्हणाली, "रडू नको गं, देवी उभी हाय ना." मी उंबऱ्यात बसून पालखीतल्या मुखवट्याकडे बघत होते. नवस बोलले नाही, काही कबूल केलं नाही. इतकंच म्हटलं, आता माझ्या हातात काही नाही, तुझं तू बघ. आणि हात जोडले गेले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. नामदेवच्या गाडीवर मागे बसून हे आले. नंतर नामदेवनेच सांगितलं. चपला आणि फोन काठावर ठेवून हे खाली पाण्याजवळ बसले होते. नामदेवला बघून म्हणाले, "चोराला कशाला शोधतोस?" नामदेव म्हणाला, "चोर हायस तर हाय. आदी दांडीखाली चल, आमचे खांदे मोडले. तुज्यापायी देवी उन्हात तापतेय." मग तिथंच काठावर नामदेवच यांच्या गळ्यात पडून रडला. तो रडू शकतो हे गावाला त्यानंतर कळलं.

यांनी हातपाय धुतले आणि पुढच्या दांडीला खांदा दिला. मी कुंकू लावलं, ओटी भरली. अर्धे तांदूळ अंगणात सांडले.  धरणाचं पुढे एकदा यांना विचारलं. म्हणाले, "तिथं मी काय करणार होतो, ते मलाच माहीत नाही." त्यानंतर बरेच दिवस सासूबाई, नामदेव आणि मी, कोणी ना कोणी यांच्यासोबत असायचं. कर्जतच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेलो.

दामूकाकांचे जावई भिवपुरीकडे दूध थंड करायच्या केंद्रावर आहेत. तिथे मशीन बघायला माणूस हवा होता. काका डोक्याला फेटा बांधून स्वतः यांच्याबरोबर गेले. मालकाने सरळ विचारलं, "आधीच्या कंपनीला फोन करू ना?"

काका म्हणाले, "करा की. ते काय सांगतील ते आमाला ठावं हाय. पण आमचं गाव आपली देवी ह्याच्या खांद्यावर देतं, ते बी ऐकून ठेवा."

मालकाने फोन केला की नाही, ते मी विचारलं नाही. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. जुन्या कंपनीने चूक मान्य केलेली नाही, करेल असं वाटत नाही. खरा चोर कोण ते आजही कोणी उघड बोलत नाही.

मी चमत्कार झाला म्हणणार नाही. माझी पदवी मला तसं म्हणू देत नाही, आणि झाला नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रागाने मी देवीला दाराबाहेर ठेवलं, आणि तेवढ्यानेच गाव थांबलं आणि नामदेव धरणावर धावला. दार उघडं असतं, मी हसतमुखाने ओटी भरली असती, तर हे कुठे आहेत असं त्या दुपारी कोणी विचारलं असतं का? इथपर्यंत विचार आला की मी थांबते. पुढे माझं गणित चालत नाही.

भीती गेलेली नाही. परवा यांना यायला उशीर झाला, तर मी पुन्हा गल्लीतल्या आवाजाकडे कान लावून होते. फरक इतकाच, मी ओट्याला धरून उभी राहिले नाही. शेजारी जाऊन म्हटलं, "वहिनी, हे आले नाहीत अजून, मला भीती वाटते, जरा बसा माझ्याजवळ." त्या कणकेच्या हातांनी तशाच आल्या.