खाटेखाली सरकवलेल्या चपला

देवानं तिला फसवलं. मी बैलबाजारात वाढलेला माणूस आहे, फसवणूक मला लांबून ओळखू येते.

बालाघाटच्या दवाखान्यात तुम्हीही तिला पाहिलं असेल. काखेत कापडी पिशवी, पिशवीत बायबल आणि पाण्याची बाटली. ज्याच्याजवळ कोणी नाही, अशा रोग्याच्या खाटेशी यायची, चपला काढून पायानं खाटेखाली पार आत सरकवायची आणि बसायची.

"इतक्या आत कशाला?" मी विचारलं होतं.

"पायात चपला असल्या का भाऊ, अर्धं मन दारात राह्यते."

ती तिरोडीकडची. नवऱ्यानं डोळे मिटले तेव्हा ही औषध आणायला बाहेर गेली होती. त्यानंतर ती कोणाच्याच उशापासून उठली नाही.

माझी बायको त्याच दवाखान्यात होती. डॉक्टरांनी मान हलवली तसा मी सगळ्या देवांशी सौदा मांडला. देवीला मुकुट बोललो. हिलाही म्हटलं, "तुझ्या प्रभूला सांग, चर्चवर नवं छप्पर घालून देतो."

"त्याच्याशी भाव नाही करत जी. मांगा, रडा, शिव्या द्या. पण भाव नका करू."

तिनं माझा हात धरला. बाजारात आम्ही रुमालाखाली हात धरतो, बोटं दाबून भाव सांगतो. सवयीनं माझी बोटं हलली. तिची हलली नाहीत. तिनं हात नुसता धरून ठेवला.

मग डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, बाईले एकटं सोडू नको. भाऊलेही नको सोडू."

मी भडकलो. "बरं कर म्हण ना!"

"सकाळपासून तेच म्हणून राह्यली जी. वरडू नका, तिले ऐकू येते."

बायको गेली. तिचा एक हात माझ्या हातात होता, दुसरा हिच्या.

पुढे दर रविवारी चर्च सुटलं की ही माझ्या दारात. "जेवले का जी?" मी म्हणायचो, "चालती हो. काय केलं तुझ्या देवानं?" ती चूल पेटवता पेटवता म्हणायची, "बसला होता ना आपल्याजवळ." पुढच्या रविवारी पुन्हा हजर. तिच्या या येण्यावरच मी परत बाजारात उभा राहिलो.

एकदा विचारलं, "स्वतःसाठी काय मागतेस?"

"एकच. जातानी मले एकटं नको ठेवू."

यंदा उन्हाळ्यात उकव्याला एका आजारी बाईजवळ बसून ती परत येत होती. दुपारची बस, जवळजवळ रिकामी. स्टँडवर सगळे उतरले, ही उतरली नाही, तेव्हा कंडक्टरला कळलं. शेजारची सीट रिकामी होती.

मी धावत गेलो. तिला खाली घेतलं तेव्हा पाय अनवाणी होते. चपला सीटखाली पार आत सरकवलेल्या. मला गुडघ्यावर बसून काढाव्या लागल्या.

पास्टर म्हणतात, प्रभू तिच्या शेजारी होता. दलालाचा शब्द मी घेत नाही. मागणं ज्याच्याकडे केलं होतं, त्यानं बोलावं. ती चपला काढून कोणाजवळ बसली होती? त्या सीटवर तू होतास की नव्हतास? सांग.