टाकीतला दहावा दगड

चौऱ्याहत्तर साली शिवप्पा गेला आणि दीड महिन्यानं कॉलेजनं त्याच्या जागेवर त्याच्या बायकोला घेतलं. प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये शिपाई, सहा महिने कच्ची. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या बायका म्हणाल्या, गुरम्मा नशिबाची. नवरा मेलेल्या बाईला नशिबाची म्हणायला जीभ कशी वळते, कोण जाणे! गुरम्मानं नुसती मान डोलावली. तिला राग आला नाही, रडूही येत नव्हतं. उजाडलं की उठायचं, पुढ्यात आलं ते खायचं, इतकंच.

लॅबमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. तीत पिवळ्या पट्ट्यांचा एकुलता एक मासा आणि शिवप्पानं सहलीबरोबर जाऊन रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आणलेले दहा दगड. समुद्रातला दगड जिवंत असतो. त्याच्या भोकाभोकांतले बारीक जीव पाणी निवळ ठेवतात. पण दीड महिना टाकीला कुणी हात लावला नव्हता. दगडांवर वीतभर शेवाळ लोंबत होतं.

शिकवणाऱ्या विजयमालाबाईंनी नवे दगड मागवले. ओल्या गोणपाटात बांधून ते एसटीनं आले.

"गुरम्मा, आठवड्याला दोनच बदला," बाईंनी बजावलं. "सगळे एकदम काढलेत तर मासा मरेल. मग तुम्हाला पक्कं करा म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"व्हय बाई."

हल्ली ती सगळ्यालाच व्हय म्हणायची. ऐकू यायचं, आत काही पोचायचं नाही.

त्याच दुपारी तिनं सगळे दगड बदलले. नवे दगड घरच्या भांड्यांसारखे राखेनं घासले, नळाखाली खळखळून धुतले आणि मांडले. जुने मागच्या अंगणात उन्हात टाकले.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं झालं. मासा वर येऊन तोंड उघडत होता. बाईंनी कपाळाला हात लावला. अंगणातले दगड त्यांनी एकेक हुंगून पाहिले. सोलापूरचं ऊन ते! नऊच्या नऊ मेलेले.

"दहावा कुठाय?"

"बादलीत हाय. टाकीतल्याच पान्यात."

"तो का ठेवलात?"

गुरम्मानं बराच विचार केला. "ठावं न्हाय की, बाई. उचलला, पन टाकवला न्हाय."

बाईंनी पाणी बदललं आणि तो दगड मधोमध ठेवला. मासा वाचला. महिन्या-दोन महिन्यांत जुन्या दगडातले जीव नव्यांवर पसरले. पण त्यांच्यामागं शेवाळही पसरायला लागलं, आणि लॅबची तपासणी आठ दिवसांवर आली.

"आता तो दगड काढा," बाई म्हणाल्या. "त्याचं काम झालं. टाकी हिरवी दिसली तर तुमचंच नुकसान आहे."

गुरम्माच्या तोंडून व्हय निघेना. शिवप्पा गेल्यापासून तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या की, बाई. मी रोज लवकर येऊन बोटानं शेवाळ निपटीन, एक तंतू ठेवनार न्हाय. पन त्याला भाईर नगा काढू. त्यांनी आनलेला एवडाच ऱ्हायलाय."