आई मुलाचं घर पाहायला आली

सौंदडच्या स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आई रडली नाही. खिडकीचा गज धरून ती डब्यासोबत चालत राहिली. "पोचली का फोन कर," म्हणाली, आणि मग सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशा आवाजात, "पसंतीचा पोरगा पाय, माही ना नाही. पन दारूच्या घरात पाय ठेवू नोको."

मी नर्स म्हणून जर्मनीला आले. नदीकाठचं लहानसं गाव, डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, आणि खाली आमचं हॉस्पिटल. माणूस पसंत पडला तो योनास. त्याच्या घरी आजोबांपासून वाइन बनते. अशा घराला इथे वाइनगुट म्हणतात. मालक, मजूर, विक्रेते सगळे घरचेच. नशिबाला चेष्टा करायची हौस असते, दुसरं काय?

गावाकडं राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. माझे बाबा मोहाची प्यायचे. बाटली कधी धानाच्या कोठीमागं, कधी तणसाच्या ढिगात, एकदा तर देव्हाऱ्याखाली सापडली. त्या दारूनंच ते गेले. नंतर आईनं गावातल्या बायांना घेऊन नाल्याकाठचे मोह सडवायचे माठ फोडले. वास आठवडाभर तिच्या लुगड्यातून गेला नव्हता.

अशा बाईला मी फोनवर सरळच सांगितलं. पलीकडून आधी कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मी येतो. घर पाहूनच सांगीन."

आपल्याकडे मुलाचं घर पाहायला जातात तशी ती आली. व्हिसा, दोन विमानं, साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज. सोबत आपल्या धानाच्या बांधीतल्या तांदळाची पिशवी. "पसंत पडलं तं पोराच्या मायले देईन. नाही तं वापस नेईन." मी म्हटलं, आणि वापस नेलेस तर? "तं तुयं तू पाय," म्हणाली. तिच्याशिवाय लग्न करण्याची हिंमत माझ्यात नव्हती आणि योनासला सोडण्याचीही नव्हती.

योनासचे आईवडील दारातच उभे होते. तळघराच्या पायऱ्या उतरताना आंबलेल्या रसाचा वास आला आणि आई थांबली. पदर नाकाला. तो वास मलाही ओळखीचा होता. मला वाटलं, ती इथूनच मागे फिरणार. पण पिशवी छातीशी धरून ती खाली उतरली.

लांब टेबलावर ग्लास मांडले होते. योनासचे वडील प्रत्येकात घोटभर ओतत होते, हुंगत होते, तोंडात घोळवून, चव पाहून बाजूच्या बादलीत थुंकत होते. आईनं आपल्या ग्लासावर पंजा ठेवला. मग मला विचारलं, "थुंकाचीच होती तं काढली कायले?"

मी ते जर्मनमध्ये जसंच्या तसं सांगितलं. सगळे हसले. आई हसली नाही, म्हणून मीही हसले नाही.

खरी परीक्षा वर, जेवणाच्या टेबलावर होती. तिथे बादली नव्हती. आईसाठी ताज्या द्राक्षांचा रस आला, बाकीच्यांच्या ग्लासांत वाइन. वडिलांनी एक संपवला, दुसरा भरला. योनासनंही भरला. त्याचा आवाज चढला का? नाही, तो गोष्ट सांगत होता. त्याचा हात ग्लासाकडे गेला, परत आला. माझ्या ताटातलं गार होत होतं. आई टक लावून योनासच्या आईकडे पाहत होती, इतकी की मला लाज वाटायला लागली. ती बिचारी बटाटे वाढत होती, नवऱ्याला काहीतरी चिडवत होती, मध्येच उठून मांजराला बाहेर काढत होती. वडिलांनी तिसऱ्यांदा बाटली उचलली, पाहिलं, बूच लावलं आणि ठेवून दिली.

"चाल," आई उठली. मीही उठले. योनासचा चेहरा पडला. आई टेबलाला वळसा घालून त्याच्या आईसमोर गेली आणि तांदळाची पिशवी तिच्या ओंजळीत ठेवली. त्या बाईला काय मिळालं ते कळलं नाही. मला कळलं. मी तिथेच हमसून रडले.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "तू सारा वेळ तिच्याकडे काऊन पाहून राहिली होती?"

"तिची नजर पाहून राहिली होती," आई म्हणाली. "एकडावबी नवऱ्याच्या गिलासाकडं नाही गेली. जिच्या घरी भेव असते ना, तिची नजर तिथून हटत नाही. माही कधी हटली? घर चांगलं आहे." मग बाहेर पाहत, हळूच, "तू मात्र पाहून राहिली होती. पोराच्या गिलासाकडं. जेवली बी नाहीस."

खरंच होतं ते.

लग्न झालं. योनास संध्याकाळी बाटली उघडतो, कधी एक ग्लास घेतो, कधी घेत नाही. मला रोज बरोबर ठाऊक असतं. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांना लोक विचारतात, घराची आठवण येते का. आठवण यायला ते मागे राहायला हवं ना! माझं तर माझ्याबरोबरच आलं, जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी बसतं. पण एक दिवस असा येईल, की जेवण उरकेल, भांडी धुऊन होतील, आणि त्यानं किती घेतली हे मला आठवणार नाही. त्या दिवशी मी आईला फोन करीन आणि सांगीन, पोचले.