नंबर लागते का?

बारावीचे, सीईटीचे निकाल लागले की वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या आमच्या दारात चपलांची गर्दी होते. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. गेल्या वर्षी कोणतं कॉलेज किती पर्सेंटाइलवर थांबलं, ते मला तोंडपाठ असतं. लोक बसायच्या आधीच विचारतात, "मॅडम, नंबर लागते का?" मीही आडपडदा ठेवत नाही. लागत असेल तर लागते, नाही तर नाही. उगाच कोणाला आशेवर ठेवणं मला जमत नाही. काही जण चहा न पिताच उठून गेलेत.

प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मात कॉलेजांचा पसंतीक्रम लावायची आमच्याकडे एक पद्धत आहे. आधी वर्धा, मग नागपूर, अमरावती आणि सगळ्यांत खाली पुणे. एसटीत बसल्यासारखं, जवळचं गाव आधी! "पुणं लागलं तं पाहू नंतर," असं म्हणतात. अरे, नंतर कसलं पाहता? पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की जागा पक्की, पुढच्या फेरीचं दार बंद. हे सांगून सांगून माझा घसा बसतो.

मग एका वर्षी माझ्याच लेकीचा निकाल आला. तिला पुणंच हवं होतं, कॉम्प्युटर. मी कणीक मळत होते, ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, माझा नंबर लागते का?"

मनात आलं, नाही म्हणावं. माझ्या अंदाजावर कोणी शंका घेतली नसती. नागपूर तासा-दीड तासावर, पोरगी दर शनिवारी घरी असती. बोटांची कणीक सोडवत मी म्हटलं, "लागते. काठावर आहे, पण लागते."

दुकानातून आल्यावर हे म्हणाले, "नागपूर वर टाक न. इतक्या दूर काऊन पाठवून राह्यली पोरीले?"

"तुम्हीसुद्धा? जगाला शिकवते मी, आणि माझ्याच घरात हे!" मी तडकलेच. 

दुसऱ्या दिवशी पाहते तर लेकीने स्वतःच नागपूर वर घेतलेलं. म्हणे, "राहू दे गं आई. तुला करमणार नाही."

किती गोड वाटलं, काय सांगू! आणि तितकाच रागही आला. "माझ्या करमण्यासाठी कॉलेज निवडतेस? आण तो लॅपटॉप इकडे!" माझ्यासमोर बसवून तिला पुणं वर घ्यायला लावलं.

फेरीचा निकाल यायचा होता तेवढे दिवस मी रोज देवापुढे दिवा लावत होते. आपला अंदाज चुकावा म्हणून मी जन्मात पहिल्यांदाच हात जोडले. हे कोणाला बोलले नाही. पुणं लागलं. पोरगी नाचली, ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि शेजारीण म्हणाली, "मॅडमचा अंदाज चुकत नाई, बाप्पा!"

आता शनिवारी संध्याकाळी गल्लीतली नागपूरला शिकणारी पोरं धुण्याच्या पिशव्या घेऊन घरी येतात. त्यांच्या आयांच्या घरांतून भरल्या वांग्याचा वास सुटतो. मी उगाच फाटकापाशी रेंगाळते. पोरीचा फोन येतो, खूप बोलते, हसते. मेसचं जेवण बरं आहे म्हणते. फोन ठेवल्यावर घर एवढं मोठं वाटतं की नकोसं होतं.

परवा नाचणगावहून एक कुटुंब आलं. मुलगी हुशार, डोळे पुण्याकडे लागलेले. बापाने विचारलं, "जवळचं वर टाकू न, मॅडम?"

"अजिबात नाही. पुणं वर टाका. लागते."

पोरगी खुशीने लाल झाली. इतका वेळ पदर सावरत बसलेली तिची आई निघताना दारात थांबली.

"मॅडम, तुमची येते का हो शनिवारी घरी?"

"दिवाळीले येते," मी म्हणाले.